सोलापूरच्या सार्वजनिक ग्रंथालयाचे ऑनलाइन कार्यक्रम : जे येऊ शकत नाहीत, त्यांच्यासाठी काय करावे?

पूर्वभाग वाचक (धागाकर्ता)

नमस्कार. सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका लहान सार्वजनिक ग्रंथालयाच्या कार्यकारिणीचा मी सदस्य आहे. येत्या वर्षापासून ग्रंथालयातर्फे सर्व वयोगटांसाठी ऑनलाइन कार्यक्रम सुरू करावेत, असा ठराव आमच्यापुढे आला आहे. ठरावाला कोणाचाही विरोध नाही, परंतु कार्यक्रम कोणते असावेत, कोणासाठी असावेत आणि दिवसाच्या कोणत्या वेळी असावेत, यावर एकमत होत नाही. येथे जिल्ह्यातले ग्रंथपाल, शिक्षक, वाचक आणि बाहेरगावी स्थायिक झालेले सोलापूरकर नियमित लिहितात, म्हणून विषय सविस्तर मांडतो.

आजवर झालेल्या यादीत व्याख्यान, लेखकाची मुलाखत, कविसंमेलन आणि स्पर्धा परीक्षांचे मार्गदर्शन असे चार प्रकार आहेत. हे सर्व चांगलेच आहे. परंतु या कार्यक्रमांना येणारा श्रोता आपल्याला आधीपासून ठाऊक आहे. तो आजही हिराचंद नेमचंद वाचनालयाच्या सभागृहात किंवा हुतात्मा स्मृती मंदिरात व्याख्यानाला जातो, आणि तेच व्याख्यान मोबाइलवर दाखवल्याने फार तर त्याचा जाण्यायेण्याचा वेळ वाचेल. माझे म्हणणे असे आहे की, ऑनलाइन कार्यक्रमांची आखणी करताना जो ग्रंथालयाच्या दारापर्यंत पोहोचूच शकत नाही त्याला आधी समोर ठेवावे आणि जो आजही येतो त्याचा विचार नंतर करावा.

असे लोक कोण, हे सोलापुरात शोधत बसावे लागत नाही. घरी बसून विड्या वळणाऱ्या हजारो स्त्रिया या शहरात आहेत. कारखान्यातून पान आणि तंबाखू आणायची, घरी विड्या वळायच्या, त्या मोजून जमा करायच्या आणि हजार विड्यांमागे ठरलेली मजुरी घ्यायची, अशी त्यांच्या कामाची रीत असल्यामुळे ग्रंथालयाच्या वेळेत घर सोडणे म्हणजे त्या दिवसाच्या मजुरीतला काही भाग सोडणे असते. यंत्रमागावरच्या कामगाराची पाळी आणि आमच्या ग्रंथालयाची वेळ यांचा मेळ कधीच बसत नाही. त्यातच १९ जानेवारी २०२४ रोजी कुंभारीच्या रे नगरमधल्या ३०,००० घरांच्या प्रकल्पातील १५,००० घरे कामगारांच्या ताब्यात मिळाली. कामगारांच्या हक्काच्या घराचे हे मोठे काम झाले, परंतु तिकडे राहायला गेलेल्या कुटुंबांतल्या मुलांचे चालत जाण्याच्या अंतरावरचे ग्रंथालय शहरातच राहिले. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२-४३ अंशांवर गेला की शहरात राहणारी मुले आणि वृद्धही दुपारी बाहेर पडू शकत नाहीत, हे वेगळे सांगायला नको.

विडी वळणाऱ्या स्त्रीचे हात आणि डोळे दोन्ही कामात गुंतलेले असतात; कान मात्र मोकळे असतात. ही गोष्ट जगात इतरत्र फार पूर्वी ओळखली गेली आहे. क्यूबातील हवाना शहराच्या सिगार कारखान्यांत १८६५ पासून कामगारांना मोठ्याने वाचून दाखवणारा वाचक नेमण्याची प्रथा सुरू झाली आणि ती आजही टिकून आहे. आपल्याकडे केरळमध्ये कन्नूरच्या विडी कामगारांनी हेच केले. कामावर बसलेल्यांपैकी एकजण वर्तमानपत्र आणि पुस्तके वाचून दाखवी आणि त्याच्या वाट्याच्या विड्या बाकीचे सर्वजण मिळून वळून देत. आपल्याकडे काम घरोघरी विखुरलेले असल्यामुळे एकत्र बसवून वाचणे शक्य नाही. नेमके तेवढ्यासाठी आज मोबाइल उपयोगी पडू शकतो.

म्हणून माझी पहिली सूचना अशी आहे की, आपले मुख्य कार्यक्रम दृश्य नसून श्राव्य असावेत. साध्या भाषणाच्या दर्जाचे अर्ध्या तासाचे ध्वनिमुद्रण ७-८ एमबीमध्ये बसते. तेवढ्याच वेळेच्या चित्रफितीला त्याच्या कितीतरी पट डेटा लागतो. दुसरी सूचना भाषेची आहे. मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू या चार भाषांत हे शहर बोलते; आमचे सर्व कार्यक्रम आजवर केवळ मराठीत झाले आहेत. तिसरी सूचना अशी की, ज्या पुस्तकाचे वाचन होईल त्याच्या प्रती त्याच आठवड्यात एखाद्या पेटीतून रे नगरपर्यंत आणि शक्य असेल तर विडी कारखान्याच्या दारापर्यंत पोहोचाव्यात, म्हणजे ऐकलेले पुस्तक हातातही घेता येईल.

या तिन्ही सूचनांवर आपली परखड मते हवी आहेत.

विणकर कन्या

धागाकर्त्यांचे मनापासून आभार. माझ्या माहेरी यंत्रमाग होता आणि सासरी दोन पिढ्यांतल्या स्त्रिया विड्या वळतात, त्यामुळे हा विषय मला अगदी जवळचा आहे.

आमच्या घरांत काम करताना मोबाइलवर काही ना काही चालूच असते. देवाची गाणी असतात, मालिकांचे संवाद असतात. म्हणजे ऐकण्याची सवय नव्याने लावायची नाही. त्या वेळेत ग्रंथालयाने आपली जागा मिळवायची आहे. त्यासाठी वेळ फार जपून निवडावी लागेल. सकाळी माल जमा करण्याची आणि नवा माल आणण्याची घाई असते आणि संध्याकाळ स्वयंपाकात जाते. घरातले जेवणखाण आटोपल्यानंतरचे दुपारचे दोन-अडीच तास सर्वांत सोयीचे आहेत. एक भाग वीस मिनिटांपेक्षा मोठा नसावा आणि कथा क्रमशः असावी, म्हणजे उद्या पुढे काय होईल ही ओढ लागेल.

तेलुगूबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगते. आमच्या पिढीतल्या पुष्कळ जणी घरी तेलुगू बोलतात, पण शिक्षण मराठी माध्यमात झाल्यामुळे त्यांना तेलुगू लिपी वाचता येत नाही. आमच्या आजीला ती येत होती. म्हणजे आपल्या भाषेतले पुस्तक आपल्याला परके झाले आहे आणि ते ऐकूनच पुन्हा आपले होऊ शकते. यासाठी हैदराबादेहून तयार ध्वनिफिती आणू नयेत. सोलापूरची तेलुगू वेगळी आहे, तिच्यात मराठीचे आणि कन्नडचे शब्द मिसळलेले आहेत. तीच बोलणाऱ्या आपल्याच गल्लीतल्या बाईंनी वाचले, तर शेजारणी ऐकतील.

आणखी एक व्यवहाराची बाब आहे. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये प्रत्येकीचा क्रमांक सर्वांना दिसतो, म्हणून घरातली माणसे सुनांना आणि मुलींना अशा ग्रुपमध्ये जाऊ देत नाहीत. व्हॉट्सअ‍ॅप चॅनेलवर एका श्रोत्याचा क्रमांक दुसऱ्या श्रोत्याला दिसत नाही. ग्रंथालयाने ग्रुपऐवजी चॅनेल चालवावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

जुना सभासद

मी या ठरावाच्या विरोधात नाही, तरीही माझी चिंता येथे मांडणे मला आवश्यक वाटते.

टाळेबंदीच्या काळात आपली ग्रंथालये बंद होती आणि राज्यात ती १५ ऑक्टोबर २०२० पासून, म्हणजे नेमकी वाचन प्रेरणा दिनी, पुन्हा उघडली. मधल्या महिन्यांत ठिकठिकाणी उत्साहाने ऑनलाइन व्याख्याने झाली. दारे उघडल्यावर त्यातली बहुतेक बंद पडली, आणि देवघेव विभागातली गर्दी मात्र पूर्वीसारखी झाली नाही. आज आपल्याकडे ग्रंथालय गजबजलेले दिसते ते मुख्यतः अभ्यासिकेमुळे, आणि अभ्यासिकेत बसणारी मुले स्वतःची पुस्तके घेऊन येतात. कपाटातली पुस्तके हलत नाहीत, ही ग्रंथालयाची खरी दुखरी बाजू आहे.

डॉ. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे जे पाच सिद्धांत मांडले, त्यांतला पहिलाच सिद्धांत ग्रंथ हे उपयोगासाठी आहेत असा आहे. ऑनलाइन कार्यक्रमाने पुस्तक कपाटातून बाहेर निघाले, तर तो कार्यक्रम ग्रंथालयाचा. नाही निघाले, तर तो कोणत्याही मंडळाचा असू शकतो. धागाकर्त्यांच्या तिसऱ्या सूचनेला, म्हणजे पुस्तकांच्या पेटीला, माझा पूर्ण पाठिंबा आहे. किंबहुना तीच पहिली सूचना असायला हवी होती. पेटी पोहोचवण्याची व्यवस्था होईपर्यंत वाचनाचे कार्यक्रम सुरू करू नयेत, असे माझे मत आहे.

आणि हे सर्व करणार कोण? आपल्या ग्रंथपालांना आजच उसंत नसते.

ग्रामीण ग्रंथपाल, सांगोला तालुका

जुने सभासद यांच्या शेवटच्या प्रश्नाला अनुभवातून उत्तर देतो.

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा आहे आणि त्याखालच्या नियमांनुसार मान्यताप्राप्त ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग पडतात. माझे ग्रंथालय ड वर्गाचे आहे. ड वर्गात ग्रंथपाल हाच एकमेव कर्मचारी असतो; कुलूप उघडणे, झाडलोट, दाखलनोंद, देवघेव, वर्गणी, अनुदानाचे कागद, सर्व त्यानेच करायचे असते. अशा ग्रंथालयाने एकट्याने दर आठवड्याला चार भाषांत कार्यक्रम करावेत, ही अपेक्षा कोणी ठेवू नये. पण जिल्ह्यात अकरा तालुके आहेत. प्रत्येक तालुक्यातल्या एका ग्रंथालयाने महिन्याला एकच ध्वनिमुद्रण करायचे ठरवले, तरी महिन्याला अकरा भाग तयार होतात आणि ते सर्वांना वापरता येतात. प्रत्यक्ष कार्यक्रमाला खुर्च्या, ध्वनिक्षेपक आणि पाहुण्यांचा प्रवासखर्च प्रत्येक गावी नव्याने करावा लागतो. ध्वनिमुद्रणाचे तसे नसते. ऑनलाइन कार्यक्रमाचा खरा फायदा लहान ग्रंथालयांना इथे आहे, असे माझे ठाम मत आहे.

नवे दिवस शोधण्याचीही गरज नाही. २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन, १२ ऑगस्टचा ग्रंथपाल दिन आणि १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन हे आम्ही तसेही साजरे करतो. त्या दिवशी हार-फुले आणि एक भाषण यांवर न थांबता वर्षभराच्या वाचनमालेची सुरुवात त्याच दिवशी करावी.

ध्वनिमुद्रणाची यादी मात्र पहिल्या दिवसापासून ठेवा. कोणते पुस्तक, कोणी वाचले, कोणत्या भाषेत, परवानगी कोणाची, किती मिनिटे, हे सर्व दाखलनोंदीसारखे एका वहीत असावे. वर्षाअखेरीस अहवाल लिहिताना ही वही कामी येईल, आणि दुसऱ्या ग्रंथालयाने भाग मागितला तर शोधाशोध होणार नाही.

माढ्याची निवृत्त शिक्षिका

आतापर्यंत चर्चा मोठ्या माणसांची झाली, म्हणून मुलांविषयी लिहिते.

"सर्व वयोगटांसाठी" असे लिहून एकच कार्यक्रम ठेवला की तो कोणत्याच वयाचा राहत नाही. नॅशनल बुक ट्रस्टने चालवलेल्या राष्ट्रीय ई-पुस्तकालयात ३ ते १८ वर्षांच्या वाचकांचे ३ ते ८, ८ ते ११, ११ ते १४ आणि १४ ते १८ असे चार गट केलेले आहेत. आपणही हीच विभागणी धरावी. सर्वांत लहान गटासाठी दहा मिनिटांची गोष्ट पुरेशी आहे आणि ती ऐकताना आई, आजी किंवा मोठे भावंड शेजारी बसलेले हवे. या वयाच्या मुलाला एकट्याला मोबाइल देऊन बसवणे हा ग्रंथालयाचा कार्यक्रम होऊ शकत नाही. वेळ रात्री जेवणानंतरची ठेवावी, कारण अनेक घरांत एकच मोबाइल असतो आणि तो वडिलांसोबत दिवसभर बाहेर असतो.

गोष्टी कुठून आणायच्या, हा प्रश्न बराच सुटलेला आहे. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मुलांच्या सचित्र गोष्टी मुक्त परवान्याखाली आहेत आणि त्यांतल्या पुष्कळ गोष्टी मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू या चारही भाषांत मिळतात. मूळ लेखकाचे, चित्रकाराचे आणि अनुवादकाचे नाव सांगून त्या वाचता येतात आणि ध्वनिमुद्रित करून वाटताही येतात. एकच गोष्ट सोमवारी घरच्या भाषेत आणि गुरुवारी मराठीत ऐकवली, तर पहिलीच्या मुलाला शाळेची भाषा किती सोपी जाईल, हे वर्गात शिकवलेल्या कोणालाही विचारा.

अकरा वर्षांपुढच्या मुलांना मात्र केवळ श्रोते करू नका, कामाला लावा. आमच्याच तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले, पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांत ते आले आणि २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले. पुस्तकाच्या मागे एक कोड चिकटवणे ही साधी गोष्ट आहे. आपल्या बाल विभागातल्या पुस्तकांचा परिचय मुलांनी स्वतः दोन मिनिटांत ध्वनिमुद्रित करावा आणि त्याचा कोड त्या पुस्तकाच्या आतल्या पानावर लावावा. पेटीतून पुस्तक रे नगरला गेले की तिथल्या मुलाला आपल्याच वयाच्या मुलाचा आवाज ऐकू येईल. याच मुलांनी घरातल्या आजी-आजोबांच्या आठवणीही टिपाव्यात. मे १९३० मध्ये सोलापुरात मार्शल लॉ पुकारला गेला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी झाली. ते प्रत्यक्ष पाहिलेली पिढी आता नाही, पण तिच्याकडून ऐकलेली माणसे आहेत. गिरण्यांचे भोंगे, संप आणि गिरण्या बंद पडणे पाहिलेली माणसे तर आपल्या शेजारीच राहतात.

ज्येष्ठांसाठी स्वतंत्र एक सत्र अवश्य ठेवा, आणि ते मोबाइलच्या सुरक्षित वापराचे असावे. पैसे मिळवण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही, "डिजिटल अरेस्ट" नावाची कोणतीही अटक कायद्यात नाही, आणि फसवणूक झाल्यास तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवायचे असते, एवढ्या तीन गोष्टी पक्क्या झाल्या तरी अनेकांची आयुष्यभराची पुंजी वाचेल. हा क्रमांक आणि मार्शल लॉचे वर्ष एकच असल्यामुळे सोलापूरच्या ज्येष्ठांना तो लक्षात ठेवायला अवघड जाणार नाही.

कायद्याचा अभ्यासक

वाचनमालेचा उत्साह योग्य आहे, परंतु स्वामित्वहक्काचा विचार आधी झाला नाही, तर मागाहून सर्व ध्वनिमुद्रणे काढून टाकण्याची वेळ येऊ शकते.

भारतीय कायद्यानुसार साहित्यकृतीवरचा हक्क लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. साने गुरुजींचे निधन ११ जून १९५० रोजी झाले, म्हणून त्यांचे साहित्य १ जानेवारी २०११ पासून सर्वांना खुले आहे. राम गणेश गडकरी आणि बालकवी तर त्याच्याही फार आधीचे. मात्र आचार्य अत्रे १९६९ मध्ये गेले, म्हणजे त्यांचे साहित्य २०३० मध्ये खुले होईल, आणि पु. ल. देशपांडे यांच्या साहित्यासाठी २०६१ पर्यंत थांबावे लागेल. छापील प्रसिद्ध पुस्तकातला वाजवी लांबीचा उतारा जाहीरपणे वाचून दाखवण्याची मुभा १९५७ च्या अधिनियमात आहे; परंतु संपूर्ण कादंबरी भागाभागाने ध्वनिमुद्रित करून कायमची उपलब्ध ठेवणे, हे त्या मुभेत बसत नाही. अनुवादाचा हक्क स्वतंत्र असतो, हेही विसरू नये. मूळ तेलुगू कादंबरी खुली असली, तरी तिचा अलीकडचा मराठी अनुवाद खुला नसतो.

हयात लेखकांच्या बाबतीत उपाय सरळ आहे. जिल्ह्यातल्या लेखकांना पत्र लिहून लेखी परवानगी मागावी. पत्रात भाषा, माध्यम आणि मुदत स्पष्ट नमूद करावी. प्रकाशकाकडे हक्क दिलेले असतील तर प्रकाशकालाही विचारावे.

मुलांबाबत दोन सूचना आहेत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमानुसार १८ वर्षांखालील व्यक्ती बालक आहे आणि तिची माहिती घेण्यासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. म्हणून नोंदणीचा अर्ज पालकाच्या नावे असावा आणि त्यात लागेल तेवढीच माहिती विचारावी. यूट्यूबवर मुलांचा कार्यक्रम टाकताना तो मुलांसाठी असल्याची नोंद करावी. तसे केल्यावर प्रतिक्रियांचा विभाग बंद होतो, आणि माझ्या मते तो बंद असणेच योग्य आहे.

अंध विद्यार्थी, सोलापूर विद्यापीठ

श्राव्य कार्यक्रमांचा विषय निघाला आहे, म्हणून आमच्या बाजूने लिहितो.

डोळ्यांनी छापील मजकूर वाचू न शकणाऱ्या वाचकांसाठी सुगम्य पुस्तकालय हे ऑनलाइन ग्रंथालय ऑगस्ट २०१६ पासून सुरू आहे आणि माझ्या अभ्यासाचा मोठा आधार तेच आहे. परंतु सोलापूर जिल्ह्याचा इतिहास, स्थानिक कवींचे संग्रह, जुनी स्मरणिका यांसारखे साहित्य कुठेच श्राव्य स्वरूपात नाही, कारण ते फक्त आपल्याच ग्रंथालयांच्या कपाटांत आहे. वर कायद्याच्या अभ्यासकांनी सांगितलेल्या मर्यादेला येथे एक महत्त्वाचा अपवाद आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर, नफा न घेता आणि केवळ अपंग व्यक्तींना वापरता यावे म्हणून, पुस्तक सुलभ स्वरूपात आणण्यासाठी परवानगी घ्यावी लागत नाही. अट इतकीच की ते ध्वनिमुद्रण इतरांना खुले करता येत नाही. म्हणून ग्रंथालयाने अशी ध्वनिमुद्रणे वेगळी ठेवावीत आणि त्यांची सभासद नोंदणीही वेगळी असावी.

वाचणाऱ्या स्वयंसेवकांना एक विनंती आहे. नाट्यमय वाचू नका. स्पष्ट, एका गतीने वाचा, पान क्रमांक सांगा, चित्र किंवा तक्ता असेल तर त्यात काय आहे ते सांगा. सुरुवातीला पुस्तकाचे आणि प्रकरणाचे नाव सांगितले नाही, तर आम्हाला संपूर्ण भाग ऐकूनच तो कोणता हे कळते.

पुण्यातील सोलापूरकर

पुण्यात नोकरी करणाऱ्या आमच्यासारख्यांना या कामात सहज घेता येईल, आणि आम्हाला त्याचा आनंदच वाटेल. माझे घर अक्कलकोट तालुक्यातले, घरची भाषा कन्नड. ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात वचने लिहिली ती कन्नडमध्ये, "कपिलसिद्ध मल्लिकार्जुन" या मुद्रेने. दरवर्षी जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला लाखो माणसे नंदीध्वजांच्या मागून चालतात, पण त्यांतल्या कितीजणांनी ही वचने ऐकली आहेत? यात्रेच्या आदल्या पंधरवड्यात रोज एक वचन मूळ कन्नडमध्ये आणि लगेच त्याचा मराठी अर्थ, असा पाच मिनिटांचा भाग ग्रंथालयाने प्रसारित करावा. मूळ वचने शेकडो वर्षांपूर्वीची आहेत, त्यामुळे हक्काचा प्रश्न नाही. मराठी अर्थ आपणच लिहू.

तांत्रिक बाबी थोडक्यात सांगतो. झूमच्या विनामूल्य खात्यावर बैठक ४० मिनिटांत बंद होते, गूगल मीटवर ६० मिनिटांत, आणि दोन्हीकडे १०० जणांची मर्यादा आहे. त्यामुळे थेट सत्र अर्ध्या तासाचेच आखावे. ध्वनिमुद्रणासाठी महागडा मायक्रोफोन नको. पंखा बंद करून, पडदे ओढून, मोबाइल तोंडापासून वीतभर अंतरावर ठेवला तर आवाज पुरेसा स्वच्छ येतो. मे महिन्यात मात्र पंखा बंद करून वाचायचे असेल तर पहाटेच बसावे लागेल.

जुना सभासद

वरील सर्व प्रतिसाद वाचले. पेटीशिवाय काहीच सुरू करू नये, हे माझे म्हणणे मी थोडे बदलतो. विणकर कन्या यांनी लिपी न येणाऱ्या स्त्रियांविषयी जे लिहिले आहे, ते लक्षात घेता त्यांच्यासाठी ध्वनिमुद्रण हेच पुस्तक आहे आणि तिथे पेटीची वाट पाहण्यात अर्थ नाही. मुलांच्या आणि मराठी वाचनमालेच्या बाबतीत मात्र मी ठाम आहे. रे नगरला पेटी नेण्यासाठी दर पंधरा दिवसांनी माझी गाडी आणि माझा वेळ मी देईन. पुस्तकांची नोंद आणि परत आणण्याची जबाबदारीही घेईन. तिथे पेटी ठेवायला सुरक्षित जागा आणि एक जबाबदार घर कोणीतरी सुचवावे.

विणकर कन्या

माझ्या आत्याचे घर रे नगरमध्ये आहे आणि त्यांच्या ओसरीत पेटी ठेवता येईल. काका, तुम्ही येण्याआधी मी त्यांच्याशी बोलून ठेवते. तेलुगू वाचनासाठी दोघीजणी तयार आहेत. दोघींनाही लिपी येते.

पूर्वभाग वाचक (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. येत्या बैठकीपुढे मी पुढील प्रस्ताव ठेवतो आहे.

सुरुवात तेलुगू श्राव्य मालेने करावी. ती दुपारी, वीस मिनिटांच्या भागांत, चॅनेलवरून जाईल आणि वाचन सोलापूरच्याच स्त्रिया करतील. त्याच वेळी मुलांची गोष्ट आठवड्यातून दोनदा, एकदा घरच्या भाषेत आणि एकदा मराठीत, रात्री जेवणानंतर सुरू होईल, आणि तिच्याबरोबर रे नगरची पहिली पेटी निघेल. मराठी वाचनमालेसाठी साने गुरुजींपासून आरंभ करून, मधल्या काळात जिल्ह्यातल्या लेखकांना परवानगीची पत्रे पाठवली जातील. अंध वाचकांसाठीची ध्वनिमुद्रणे स्वतंत्र ठेवण्याची सूचना मला अत्यंत महत्त्वाची वाटते, परंतु तिच्यासाठी वाचक आणि वेळ दोन्ही जास्त लागतील. म्हणून पहिल्या सहामाहीत जिल्ह्याच्या इतिहासावरचे एकच पुस्तक पूर्ण करावे आणि ते कोणते असावे हे त्या विद्यार्थ्यांनीच ठरवावे. वचनांचा कार्यक्रम जानेवारीत, यात्रेच्या आधी होईल. व्याख्याने आणि मुलाखती यांना माझा विरोध नाही. त्या प्रत्यक्ष सभागृहात होत राहतील आणि त्यांचे ध्वनिमुद्रण चॅनेलवर जाईल.

उर्दूचे काम अजून रिकामे आहे. मुलांच्या गोष्टी वाचण्यासाठी उर्दू लिपी येणारे, सोलापूरच्या बोलीत वाचू शकणारे कोणी असल्यास कृपया येथेच कळवावे. कन्नडसाठी दक्षिण सोलापूर तालुक्यातून आणखी एक वाचक मिळाल्यास पुण्याहून होणाऱ्या वाचनावर सगळा भार पडणार नाही. सांगोल्याच्या ग्रंथपालांनी सुचवलेल्या वहीचा नमुना त्यांनी येथे टाकावा, म्हणजे इतर ग्रंथालयांनाही तो पहिल्या दिवसापासून वापरता येईल.